चार सिम, एक घर: अण्णांच्या बटनाच्या फोनात रोजचा दीड जीबी

मे 2025 मधे लेकीला घेऊन सुट्टीला गावी गेले होते. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव, रेंज घरात एका कोपऱ्यात येते आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाते असं गाव. एका संध्याकाळी अण्णा आईला म्हणाले की उद्या पाटणला जातोय, दोन्ही फोनचा रिचार्ज संपत आलाय, सतराशे अठरा रुपये काढून ठेव. आईने डब्यातून पैसे काढले पण मी जरा थबकले, कारण अण्णांचा फोन बटनाचा आहे, साधा, 2जी, त्यात व्हॉट्सॅप नाही की युट्यूब नाही, टॉर्च आणि रेडिओ सोडला तर फक्त बोलणं. मग त्याला 859 रुपये कशाला?

विचारलं तर कळलं की स्टँडजवळच्या दुकानात गेलं की दुकानदार विचारतो "नेहमीचा का?" आणि अण्णा म्हणतात "हो, नेहमीचा". हा नेहमीचा म्हणजे एअरटेलचा 84 दिवसांचा, रोज दीड जीबी नेट आणि बोलणं अनलिमिटेड. जुलै 2024 च्या आधी तोच 719 ला होता, मग सगळ्याच कंपन्यांनी भाव वाढवले आणि तो 859 झाला, अण्णांनी महागाई म्हणून भरले, प्रश्न विचारला नाही. दुकानदाराला मी दोष देत नाही, तो रोज शंभर माणसांना रिचार्ज मारतो, प्रत्येकाच्या हातातला फोन कुठला हे कुठं बघत बसणार. पण हिशोब केला तर अण्णांच्या सिमवर 84 दिवसांत 126 जीबी नेट येत होतं आणि वापर शून्य. वर्षाला 3,733 रुपये, आणि त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग अशा गोष्टीसाठी जी त्या फोनात चालतच नाही. हे मला फार लागलं, कारण अण्णा एसटीतून रिटायर झालेत, पेन्शन किती येते मला माहितीए, आणि हेच अण्णा दहा रुपये वाचवायला स्टँडपासून घरापर्यंत चालत येतात.

रिचार्ज संपायला अजून पाच दिवस होते म्हणून त्यांना म्हटलं, अण्णा उद्या जाऊ नका, चार दिवस द्या, आपण सगळ्याच सिमचा नीट हिशोब लावू.

घरात एकूण चार सिम निघाली. एक अण्णांचं. एक आईचं, तिच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यातही तोच 859 वाला. तिसरं सिम आईच्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत, त्याला घरात "जुना नंबर" म्हणतात, घरातला पहिला मोबाईल नंबर तो, बँक, गॅस, आधार सगळं त्याच्यावर, आणि फक्त ओटीपी यावेत म्हणून त्यात दर 28 दिवसांनी 199 चा रिचार्ज. चौथं धाकट्या भावाचं, तो ठाण्यात कामाला आहे, तो जिओचा 349 चा मारतो, 28 दिवस, रोज 2 जीबी. भावाचं सिम वेगळं राहतं पण घरखर्च एकच आहे, त्याच्याकडून पैसे गावी येतात, म्हणून त्यालाही हिशोबात धरलं.

लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही मांडलं. इथं एक गोष्ट सांगते जी मला सगळ्यात उपयोगी पडली: प्लॅनच्या किमतीकडे बघायचंच नाही, रुपये भागिले दिवस करायचं, म्हणजे रोजचा भाव निघतो आणि सगळे प्लॅन एका रांगेत येतात. नाहीतर 199 स्वस्त वाटतो आणि 859 महाग वाटतो. 859 भागिले 84, म्हणजे रोज 10 रुपये 23 पैसे. 349 भागिले 28, रोज 12 रुपये 46 पैसे. 199 भागिले 28, रोज 7 रुपये 11 पैसे, आणि हे त्या सिमसाठी ज्याच्यावरून महिन्यात एक कॉलसुद्धा जात नव्हता. शिवाय 28 दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नाही, वर्षात बारा नाही तर तेरा रिचार्ज होतात, 28 गुणिले 13 म्हणजे 364. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मधे कंपन्यांना सांगितलं की 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा असा निदान एकेक प्लॅन ठेवा, आणि ते ठेवलेही आहेत, पण दुकानात अजून 28 वालाच आधी पुढं येतो.

चारही सिमचं वर्षाचं, म्हणजे 365 दिवसांचं: अण्णा 3,733, आई 3,733, जुना नंबर 2,594, भाऊ 4,549. बेरीज 14,609. आई बघतच राहिली, ती म्हणाली एवढ्यात तर वर्षाचं तेल येतंय.

आता अण्णांचं. त्यांच्यासाठी काय आहे हे शोधताना मला एक गोष्ट नव्याने कळली जी खरं तर दुकानाच्या पाटीवर लिहायला हवी. 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम बदलला की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असा वेगळा प्लॅन प्रत्येक कंपनीने दिलाच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची मुदत आधी जास्तीत जास्त 90 दिवस होती ती 365 दिवसांपर्यंत नेली. देशात साधे फोन वापरणारे सुमारे 15 कोटी लोक आहेत असं त्यावेळी ट्रायनेच म्हटलं होतं, म्हणजे अण्णांसारखे 15 कोटी. जानेवारी 2025 मधे हे प्लॅन आले. एअरटेलने आधी 499 आणि 1,959 ठेवले आणि लगेच कमी करून 84 दिवसांचा 469 आणि 365 दिवसांचा 1,849 केला. जिओचा 84 दिवसांचा 448. म्हणजे मे महिन्यात आम्ही वही घेऊन बसलो तोपर्यंत चार महिने होऊन गेले होते आणि आमच्या गावात एकालाही माहिती नव्हतं. अॅपमधे बघायला गेलं तर हे प्लॅन वरती दिसत नाहीत, खाली खाली जाऊन शोधावे लागतात, आणि ज्यांच्यासाठी ते प्लॅन आहेत त्यांच्या फोनात तर अॅपच नसतं! याचा मला खरंच राग येतो.

84 दिवसांच्या या दोन प्लॅनमधे जिओचा 448 स्वस्त होता पण तो अण्णांना चालणार नव्हता, कारण जिओचं 2जी नेटवर्कच नाही, 2016 ला सुरू झालं ते थेट 4जी वर, त्यामुळे जुन्या 2जी फोनमधे ते सिम घातलं तर बोलता येत नाही. त्यासाठी 4जी वाला बटनाचा फोन घ्यावा लागतो, जिओभारत वगैरे, त्याचा 28 दिवसांचा 123 रुपयांचा प्लॅन होता आणि तो खरंच स्वस्त होता, रोजचा 4 रुपये 39 पैसे. मी अण्णांना सांगितलं की नवीन फोन घेऊया, हजाराच्या आसपास मिळतो. ते म्हणाले हा फोन चार-पाच दिवस चार्जिंगला लावावा लागत नाही, रानात पडला तरी काही होत नाही, आवाज मोठा आहे, बटनं हाताला माहिती झालीत, मला बदलायचा नाही. मला वाटतं हे पण गरजेतच धरायला हवं. स्वस्त प्लॅनसाठी माणसाची सवय मोडायची आणि मग त्याने फोन उचलायचाच बंद केला तर काय उपयोग. आणि वरच्या रानात कुठली रेंज येते हा प्रश्न होताच, अण्णांच्या सध्याच्या कंपनीची तिथं येते हे वीस वर्षांत पक्कं झालंय.

मग 469 की 1,849? रोजचा भाव काढला, 469 चा 5 रुपये 58 पैसे, 1,849 चा 5 रुपये 7 पैसे. वर्षाला 189 रुपयांचा फरक. मी म्हटलं 1,849 मी माझ्या फोनवरून भरते, वर्षभर बघायला नको. अण्णा म्हणाले, "माझ्या फोनचे पैसे मी भरणार. आणि वर्षाचे एकदम कशाला, या वयात वर्षाचं कोण सांगतंय." आई त्यांच्यावर ओरडली, मी पण जरा गप्प झाले. पण नंतर विचार केला तर त्यांचं म्हणणं पैशाच्या बाजूने पण चुकीचं नव्हतं. 189 रुपये वाचवण्यासाठी 1,849 एका दिवशी बाहेर जाणार, आणि पेन्शनच्या महिन्यात एवढी रक्कम एकदम गेली की किराणा मागे पडतो. मोठ्या मुदतीचा प्लॅन स्वस्त पडतो हे खरं, पण ते ज्याच्याकडे आधी पैसे आहेत त्याच्यासाठी. 469 ठरला. वर्षाला 2,038, म्हणजे 3,733 वरून सतराशे रुपये कमी.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घेतली, एसएमएस. 84 दिवसांच्या त्या प्लॅनमधे 900 एसएमएस होते, अण्णा एकही पाठवत नाहीत, पण येणारे ओटीपी महत्त्वाचे, पीएम किसानचं ई-केवायसी आणि गेल्या हिवाळ्यात काढलेलं शेतकरी ओळखपत्र, दोन्हीला आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी लागला होता (तेव्हा तो जुना नंबर होता, पुढे आधार अण्णांच्या नंबरवर आणलं). येणारे मेसेज नेटशिवाय येतात, नेट बंद केलं म्हणून ओटीपी बंद होत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण गावात मला तिघांनी विचारलं की नेट नसलं तर बँकेचा मेसेज कसा येणार. येतो.

आता आईचं, आणि इथं माझा अंदाज पूर्ण चुकला होता.

मी धरून चालले होते की आईला पण रोजचा दीड जीबी लागत नाही. त्याला कारण पण होतं. ती आमच्याशी व्हिडिओ कॉल करते तेव्हा दर वेळी पाच-सात मिनिटांत "ठेवते गं, नेट संपंल" म्हणून ठेवायची. दुपारी नेट बंदच करून ठेवायची. मला वाटलं हिचा वापर कमीच आहे, हिला 84 दिवसांत 7 जीबी देणारा 548 चा प्लॅन भरपूर होईल, रोजचा भाव साडेसहा रुपये, वर्षाला तेराशे वाचतील. माझ्या डोक्यात हे ठरलंच होतं आणि वहीत लिहून पण झालं होतं. मग म्हटलं एकदा फोनमधे बघू तरी. सेटिंगमधे सिमच्या खाली डेटा वापर असतो, महिन्याचा आकडा दाखवतो आणि कुठल्या अॅपने किती खाल्लं ते पण. आईचा महिन्याचा आकडा निघाला 13 जीबी.

13 जीबी! कशात गेलं तर युट्यूब सगळ्यात वर, कीर्तनं आणि शेवयाच्या, लोणच्याच्या रेसिपी. त्याखाली व्हॉट्सॅप, त्यातलं बरंचसं ग्रुपवर येणारे सकाळचे फोटो आणि लोकांनी पुढे ढकललेले व्हिडिओ, जे ती बघत पण नाही, आपोआप उतरतात. व्हिडिओ कॉल त्या मानाने काहीच नाही. आम्ही तिथंच मोजून बघितलं, वीस मिनिटांचा कॉल लावला आणि आधीचा-नंतरचा आकडा बघितला, शंभर-सव्वाशे एमबी गेले. रोज येतात 1,536 एमबी.

म्हणजे झालं काय होतं, तिच्याकडे रोज रात्री बारा वाजता जीबीभर नेट वाया जात होतं आणि ती नातीशी बोलताना घड्याळ बघत होती. कारण विचारलं तर कळलं की कंपनीचा मेसेज येतो इंग्रजीत, 50 टक्के वापरलं म्हणून, तो तिला वाचता येत नाही, शेजारच्या पोराने एकदा सांगितलं "काकी नेट संपत आलंय", आणि तिला वाटलं की संपलं की बॅलन्समधून पैसे कापतात, जसे पूर्वी कापायचे. तसं काही होत नाही आता, रोजचं संपलं की स्पीड पडतो, 64 केबीपीएस होतो, व्हिडिओ चालत नाही पण पैसा कापला जात नाही आणि रात्री बारानंतर परत नवीन दीड जीबी चालू. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी पण नाही. वर्षभर ती मला "ठेवते गं" म्हणत होती आणि मला वाटत होतं तिला कामं असतील.

मग 548 चं गणित परत केलं. महिन्याला 13 जीबी म्हणजे 84 दिवसांना साधारण 36 जीबी. प्लॅनमधे 7, वरचे 29 टॉपअपने घ्यायचे तर एक जीबीचा एका दिवसाचा पॅक 22 रुपयांना, 29 वेळा म्हणजे 638. बेरीज 1,186 आणि वर दर तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी टॉपअप मारून घ्यायचा त्रास. म्हणजे आईसाठी 859 वालाच बरोबर होता! चौघांतलं हे एकच सिम आधीपासून बरोबर प्लॅनवर होतं आणि मी तेच कमी करायला निघाले होते.

म्हणून आता कुणी विचारलं की आईवडिलांसाठी कुठला प्लॅन घेऊ तर मी आधी सांगते की त्यांना विचारू नका "किती लागतं", फोनमधे बघा. विचारलं तर ते कमीच सांगतात.

आईच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीचा पण विचार झाला. तोच रोज दीड जीबी, 84 दिवस, जिओमधे 799 ला होता, म्हणजे वर्षाला 261 रुपये कमी, आणि तिचा फोन 4जी आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. पोर्ट करणं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, अवघड नाही, 1900 वर पोर्ट लिहून पुढे आपला नंबर असा मेसेज केला की कोड येतो, आपल्याकडे तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नवीन कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं, एकाच सर्कलमधलं, म्हणजे फोन कंपन्यांच्या एकाच विभागातलं, असेल तर तीन कामाच्या दिवसांत होतं. अटी अशा की सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावेत, आणि नुकतंच सिम बदललेलं असेल तर, जुलै 2024 पासून, सात दिवस कोड मिळत नाही. आणि जो प्लॅन चालू असतो त्याचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून पोर्ट नेहमी रिचार्ज संपायच्या तोंडाशी करायचं. पण हे सगळं करायच्या आधी मी शेजारच्या काकूंचा त्या नेटवर्कचा फोन मागून आणला आणि घरात फिरले. ओटीवर छान, अंगणात छान, स्वयंपाकघरात चुलीजवळ गेलं की एक कांडी, मागच्या खोलीत काहीच नाही. आईचा दिवस चुलीजवळ आणि मागच्या खोलीत जातो. 261 रुपयांसाठी तिला प्रत्येक फोनला अंगणात पळवायचं नव्हतं. आता कंपन्यांना ट्रायच्या नियमाने आपापल्या वेबसाईटवर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागतात, एप्रिल 2025 पासून आहेत, ते जरूर बघा, पण नकाशा गावापर्यंत सांगतो, चुलीपर्यंत नाही सांगत. फोन हातात घेऊन फिरलेलं बरं.

जुन्या नंबरचं काम सगळ्यात किचकट निघालं आणि सगळ्यात जास्त पैसे पण तिथंच वाचले. आईचं म्हणणं होतं की तो बंद केला तर बँकेतले पैसे अडकतील. भीती बरोबर आहे. काय काय त्या नंबरवर आहे हे कुणालाच पूर्ण आठवत नव्हतं, मग आम्ही त्या सिमचा मेसेजचा डबा उघडला आणि मागचे सहा महिने खाली खाली जात राहिलो, जो जो मेसेज पाठवतो त्याचं नाव वहीत. जिल्हा बँक, स्टेट बँक, गॅस, महावितरण, एलआयसी, दोघांचं आधार, अण्णांचं पेन्शन, आणि लेकीच्या जन्माच्या वेळचा एक दवाखाना. नऊ नोंदी. दोन-तीन दिवसांत होणारं काम नव्हतं, म्हणून आधी त्या सिममधे 199 च्या जागी 469 चा मारला. ऐकायला उलटं वाटतं, बंद करायच्या सिममधे मोठा रिचार्ज, पण 84 दिवस निवांत मिळाले आणि रोजचा भाव 7 रुपये 11 पैशांवरून 5 रुपये 58 पैशांवर आला. कुणाला असा नंबर ठेवायचाच असेल तरी 199 पेक्षा हा बरा पडतो, नेट नको असेल तर.

पहिलं आधार बदललं, कारण बाकी सगळं त्याच्यावर टेकलेलं असतं. मोबाईल नंबर तेव्हा ऑनलाईन बदलता येत नव्हता, आधार केंद्रात जाऊन बोट द्यावं लागलं, पन्नास रुपये फी होती. अण्णांचं अण्णांच्या नंबरवर, आईचं आईच्या. मग बँका, तिथं शाखेत फॉर्म. मग पेन्शन. गॅस आणि वीज फोनवरून झालं. हे सगळं मी नाही केलं, मी तर सुट्टी संपवून परत गेले होते, हे अण्णांनी एकट्याने केलं, वहीचं पान फाडून खिशात ठेवलं होतं आणि एकेक झालं की रेघ मारायचे आणि संध्याकाळी मला फोन करून सांगायचे की आज स्टेट बँक झाली. शेवटची रेघ जुलैच्या शेवटी पडली. तरी आम्ही आणखी दोन आठवडे थांबलो, एकही कामाचा मेसेज त्या नंबरवर येत नाही हे बघितलं, त्या नंबरचं व्हॉट्सॅप खातं फोनमधून डिलीट केलं, मगच सिम सोडलं. ही काळजी घ्यावीच लागते कारण बंद झालेला नंबर कायमचा जात नाही, निदान 90 दिवस राखून ठेवून नंतर दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, आणि तुमच्या बँकेचा मेसेज त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजायला लागतो. त्याच निमित्ताने सरकारच्या संचार साथी या वेबसाईटवर अण्णांच्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घेतलं, एका नावावर नऊपर्यंत चालतात. आमची सगळी ओळखीची निघाली, भावाचं पण त्यांच्याच नावावर, तो कॉलेजला असताना घेतलेलं.

आईला तो नंबर सोडताना वाईट वाटलं. तिच्या माहेरचे सगळे अजून त्याच नंबरवर लावायचे आणि तिची आई होती तेव्हा तीही त्याच नंबरवर बोलायची.

भावाचं सोपं होतं. तो म्हणाला मी पोस्टपेड घेतो, 449 चं, रिचार्जची कटकट नको. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या भावात जीएसटी नसतो, 449 वर 18 टक्के म्हणजे 529 रुपये 82 पैसे, वर्षाला 6,358. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेलाच असतो. तर ते राहिलं. त्याचा फोन 5जी आहे आणि तो राहतो तिथं 5जी चांगलं येतं, त्यामुळे त्याला रोज 2 जीबीच्या खाली जायचं नव्हतं, जुलै 2024 पासून जिओत अनलिमिटेड 5जी रोज 2 जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनसोबत मिळतं. नंबर महाराष्ट्र सर्कलचा आणि राहतो मुंबई सर्कलमधे, पण देशातलं रोमिंग प्लॅनमधेच असतं त्यामुळे त्याचा काही प्रश्न नाही. वर्षाचा 3,599 चा घेतला तर रोजचा 9 रुपये 86 पैसे. पण त्याचा पगार आठवड्याला होतो, त्याच्या हातात 3,599 एकदम कधी नसतात. शोधता शोधता त्याच्याच कंपनीत 899 चा सापडला, 90 दिवस, रोज 2 जीबी. भागाकार केला, 9 रुपये 99 पैसे. वर्षाच्या प्लॅनपेक्षा रोज फक्त तेरा पैसे जास्त! आणि 349 च्या मानाने वर्षाला नऊशे रुपये कमी. तो आता दर आठवड्याला सत्तर रुपये बाजूला टाकतो, तेरा आठवड्यांत 910 होतात.

तर नवीन हिशोब असा: अण्णा 2,038, आई 3,733, भाऊ 3,646, जुना नंबर शून्य. बेरीज 9,417. आधी 14,609 होते, म्हणजे वर्षाला 5,192 कमी, पहिल्या वर्षी त्यातले 469 जुन्या नंबरच्या शेवटच्या रिचार्जला गेले ते सोडून. हे सगळे भाव मे 2025 चे आहेत, कंपन्या सारखं बदलत असतात, तुम्ही बघाल तेव्हा त्या दिवसाचे घ्या आणि भागाकार तुमचा तुम्ही करा.

आईच्या फोनमधे प्लॅन बदलला नाही पण दोन गोष्टी केल्या. व्हॉट्सॅपच्या सेटिंगमधे जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, आणि प्ले स्टोअरचं अपडेट वायफायवरच ठेवलं. आणि हॉटस्पॉट चालू करायला शिकवलं, सुट्टीत नातवंडं आली की तिच्याच नेटवर त्यांचे फोन चालतात, वेगळा पॅक मारावा लागत नाही. एक कागद फोनच्या कव्हरमधे ठेवलाय, त्यावर मराठीत लिहिलंय: नेट संपलं तरी पैसे कापत नाहीत, रात्री बारानंतर परत येतं.

अण्णांच्या त्या नेहमीच्या रिचार्जच्या दुकानात पण एक चांगली गोष्ट झाली. पहिल्यांदा 469 मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला असा प्लॅन नाही, अण्णांनी खिशातला कागद दाखवला, त्याने मोबाईलमधे शोधला आणि निघाला. ऑगस्टमधे दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं की काका, तुमच्यानंतर गावातल्या अकरा जणांना तोच मारला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर अण्णांनी 84 दिवस मोजून तारखांना गोल केलेत, त्यांचा निळा आणि आईचा लाल.

आणि काल आईचा व्हिडिओ कॉल बावन्न मिनिटं चालला. लेक तिला शाळेतली कविता म्हणून दाखवत होती, आई शेंगा सोलत होती, मधे मधे दोघी गप्प पण बसल्या होत्या, फोन तसाच चालू.